सांगाव्यातला काना

"पाऊस आहे ना?" मगदूम मास्तरांनी विचारलं.

आम्ही तिघं मिरजेच्या कृष्णाघाटावर पिंपळाखाली उभे होतो आणि पिंपळाचा काही उपयोग नव्हता. समोरची नदी दिसत नव्हती. तिचा नुसता आवाज येत होता, मोठ्या कढईत काहीतरी रटरटत असल्यासारखा.

"आहे थोडासा," मी म्हटलं. "पण मासे अजून रस्त्यावर आलेले नाहीत. माझे आजोबा म्हणायचे, डाव्या हाताला एखादी मरळ आपल्याबरोबर चालायला लागली की मगच पाऊस म्हणावं."

"कोरे, सकाळी सकाळी नको."

"खरं सांगतो, मास्तर. मोठ्या पुरात आजोबा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बसून इथनं नरसोबाच्या वाडीला गेले. वाटेत षड्ज लागला म्हणून ऐकायला थांबले, नाहीतर थेट विजापूर."

"भोपळ्याला तारा नसतात," हनीफभाई नदीकडं तोंड करून म्हणाले. "षड्ज कुठनं लागेल?"

मास्तर हसले. मला काही ते आवडलं नाही.

या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं झाली. मी तेव्हा एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होतो. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून डोस पाडायचे, लाल औषध भरायचं आणि पेशंटला एक गोष्ट सांगायची, एवढं माझं काम. त्यातली गोष्ट डॉक्टरांनी सांगितलेली नव्हती, पण पेशंट औषध विसरून गोष्टीसाठी परत येत. मिरजेत 'कोरेची गोष्ट' म्हटलं की लोक आधी हसून घेत, मग ऐकत.

रविवारी आमचं सायकल मंडळ नदीकाठानं फेरीला निघे. यादीत सतरा नावं होती. श्रावणात एक खास पावसाळी फेरी असे, मिरज ते म्हैसाळ, आणि तिचा नियम उलटा होता. पाऊस नसेल तर फेरी रद्द. त्या वर्षी पाऊस इतका नियमाला धरून पडत होता की सतरापैकी तेरा जणांना ताप आला.

मगदूम मास्तर आमचे कप्तान. शाळेत ड्रिल शिकवत. पंचावन्नचे होते, पाठ मात्र भिंतीला लावून घडवल्यासारखी. गळ्यात दोरीला पितळेची शिट्टी. आदल्याच आठवड्यात त्यांनी दातांची कवळी बसवून घेतली होती आणि शिट्टीचं नि कवळीचं अजून जमलेलं नव्हतं. 'फुर्र' ऐवजी 'फुस्स' व्हायचं.

हनीफभाई शिकलगार सतारी नि तंबोरे बनवत. तंबोरे बनवणारे मिरजेत पुष्कळ होते, पण जवारी लावावी ती हनीफभाईंनी, असं गाणारी मंडळी म्हणायची. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती घोडी. ती कानशीनं इतकी हळू घासायची की तार छेडली की मधमाशी गुणगुणावी, हीच जवारी. एक घासा कमी पडला तर तार मुकी. एक जास्त झाला तर ती नुसती खरखरते. कुठं थांबायचं हे डोळ्याला दिसत नाही. कान सांगतो. हनीफभाईंचं दुकान म्हणजे हनीफभाईंचे दोन कान, बाकी लाकूड.

"वकीलसाहेब आले," ते एकदम म्हणाले. "मागच्या चाकाची एक तार सैल आहे."

रस्त्यावर कोणी नव्हतं. मिनिटाभरानं पावसातून आवटी वकील उगवले, पिवळा रेनकोट घातलेले, सायकलपेक्षा रुंद. मास्तरांनी वाकून मागचं चाक फिरवलं, एकेक तार बोटानं चाचपली. अकरावी सैल निघाली.

"वा!" वकील म्हणाले. "हा कान कोर्टात हवा होता."

मी पाव तास मरळ नि भोपळा चालवत होतो. कोणी मान वर केली नव्हती. हनीफभाई एक वाक्य बोलले तर दोघं चिखलात गुडघे टेकून तारा मोजत होते.

"चला," मास्तर म्हणाले. "मी पुढं. मग कोरे, मग हनीफभाई, शेपटाला वकीलसाहेब. दोन सायकलींत वीस हात. आणि सांगावा?"

"माहीत आहे," आम्ही म्हणालो.

"तरी म्हणा."

सांगावा ही आमच्या मंडळाची पद्धत. पुढं खड्डा दिसला, म्हैस आडवी आली, की पहिला माणूस एकच शब्द ओरडायचा. दुसऱ्यानं तो तिसऱ्याला द्यायचा, तिसऱ्यानं चौथ्याला. शब्द बदलायचा नाही, वाढवायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की लांबून परस्पर कानावर आलेलं चालायचं नाही. आपल्या पुढच्या माणसानं जे दिलं तेच मागं द्यायचं. पावसात ज्याला त्याला आपल्या सोयीचं ऐकू येतं, असं मास्तरांचं म्हणणं. शेवटचा माणूस "पोचला!" ओरडे आणि ते "पोचला" त्याच वाटेनं पुढं येई. मग मास्तर निश्चिंत.

शाळेतल्या पोरांसारखं आम्ही ते म्हणून दाखवलं आणि निघालो.

वड्डी गावापर्यंत काही झालं नाही. 'खड्डा' आला, गेला, पोचला. 'म्हैस' आली, गेली, पोचली. मध्येच मास्तर 'उतरा' म्हणाले, आम्ही सगळे उतरलो, सायकली हातात धरून शंभर पावलं चाललो. पाहतो तो चढ नाही, उतार नाही, रस्त्यावर नुसतं शेण सांडलेलं.

"मास्तर, शेणाला भिऊन उतरायचं म्हणजे फार झालं," वकील मागून ओरडले.

"हात मोडल्यावर बोला," मास्तर म्हणाले.

वकिलांना उतारावर फार प्रेम. चढावर त्यांचं वजन त्यांना ओढावं लागे आणि उतारावर तेच वजन त्यांना फुकट नेई. सगळ्या फेरीत वसुलीची जागा तेवढीच, असं ते म्हणत. आणि मास्तर नेमके प्रत्येक उताराला 'उतरा' म्हणत. वर्षभर हे चाललं होतं.

पुढं दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस लागला. रस्ता उसातून वळत खाली ओढ्यावर जातो. ओढ्यावर फरशी आहे, म्हणजे पूल नव्हे, पाण्याबरोबरीनं घातलेला दगडी रस्ता. उन्हाळ्यात तिथं बायका धुणं धुतात. मास्तर वळणापलीकडं दिसेनासे झाले. मी वळणाच्या तोंडाशी आलो तेवढ्यात खालून त्यांचा आवाज आला. मी ब्रेक दाबले, पाय टेकला, उसाला सायकल लावली. खाली मास्तर सायकल हातात धरून पाठमोरे उभे होते, ड्रिलला उभे राहतात तसे ताठ. त्यांच्या पलीकडचं उसाच्या पाल्यानं झाकलं होतं. चिखल असेल, मला वाटलं. किंवा शेण.

मी मागं वळलो आणि हनीफभाईंना सांगावा दिला.

हनीफभाई क्षणभर गप्प होते. मग त्यांनी मागं दिला. त्यांच्या मागून आनंदानं ओरडल्यासारखं "पोचलाऽऽ!" आलं. मी ते खाली मास्तरांना दिलं. मास्तरांनी मान हलवली.

मग पहिल्यांदा हनीफभाई आले. पायडल सोडून, सरळ बसून, पाय न मारता. वळणावर त्यांना मास्तरांची पाठ दिसली, त्यांनी ब्रेक आवळले, ओल्या रबरानं रिम धरली नाही आणि ते सायकलसकट उसात घुसले. मला हसू फुटलं होतं. ते अजून तोंडावर होतं तेव्हाच त्यांच्या मागून वकील आले.

रेनकोट शिडासारखा फुगलेला. दोन्ही पाय फाकलेले. "बाजूऽऽ!" ते माझ्यासमोरून गेले. मास्तर उडी मारून बाजूला झाले आणि ते होते तिथं मला पाणी दिसलं. फरशी नव्हती. नदी फुगून ओढ्यातून उलटी वर चढली होती आणि फरशीवर कमरेएवढं तांबडं पाणी होतं. वकील त्यात वीस हात आत गेले. सायकल आडवी झाली, पिवळा रेनकोट एकदा वर आला आणि फरशीच्या कडेवरून खाली गेला.

मास्तरांनी शिट्टी फुंकली. 'फुस्स' झालं.

उसातून हनीफभाई बाहेर आले, ते धावतच. चपला टाकल्या आणि पाण्यात. रेनकोट एका बाभळीला अडकला होता. त्यांनी एका हातानं बाभूळ धरली, दुसऱ्यानं वकिलांची कॉलर, आणि ओरडले, "कोरे, दोर!" दोर नव्हता. मी धोतर सोडून फेकलं. मास्तर नि मी ओढत राहिलो. नव्वद किलोचे वकील नि पंचावन्न किलोचे हनीफभाई एका धोतरावर बाहेर आले. लोकांना मी पुढं हे सांगितलं, तेव्हा कोणी म्हणालं नाही, की कोरे, हे खोटं. धोतरामुळं सगळ्यांना पटलं.

सायकल काही आली नाही.

दूधवाल्याच्या जीपमधून आम्ही दवाखान्यात आलो. रविवार असूनही डॉक्टर आले. वकिलांचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला. मला पट्ट्या गुंडाळून ठेवायला सांगितलं आणि डॉक्टर हात धुवायला आत गेले.

वकील बाकावर टेकून बसले होते. ओठ पांढरे. तरी त्यांनी तपासणी सुरू केली.

"प्रश्न साधा आहे. मास्तर, तुम्ही कोणता सांगावा दिलात?"

"उतरा," मास्तर म्हणाले.

"नक्की?"

"समोर पाणी असताना दुसरं काय म्हणेन?"

"माझ्यापर्यंत 'उतार' आला. म्हणून तर मी ब्रेक सोडले. 'उतरा' आणि 'उतार'. काना इकडचा तिकडं झाला आणि माझं हाड गेलं. कुठं झाला? कोरे, तुम्हाला मास्तरांकडून काय आलं?"

"उतरा," मी म्हटलं.

"तुम्ही मागं काय दिलंत?"

"उतरा."

"हनीफभाई?"

हनीफभाईंच्या अंगावर डॉक्टरांची चादर होती. केसांत पालापाचोळा. ते माझ्याकडं पाहत होते. रागानं नाही, तार छेडून ती किती वेळ घुमते हे ऐकताना पाहतात तसे. मी पट्टी गुंडाळत होतो.

"मला 'उतार' आलं," ते म्हणाले. "मी 'उतार' दिलं."

"म्हणजे वीस हातांत काना सरकला. तोंडात की कानात?" वकील माझ्याकडं वळले. "कोरे थापा मारतात हे जगजाहीर आहे. पण थापेला जागा लागते, ती एका शब्दात मावत नाही. शिवाय सांगाव्यात आजवर यांनी कधी खोट केली नाही."

पट्टी गुंडाळून संपली. मी दुसरी घेतली.

"मग कानात," वकील म्हणाले आणि डोळे मिटले. त्यांच्या हाडाच्या दृष्टीनं प्रश्न संपला होता.

हनीफभाईंचा संपला नव्हता. वकिलांनी बाररूममध्ये हाडाची हकिकत सांगितली, वाईट हेतूनं नाही, गमतीनं. "सतारमेकरच्या कानानं माझं हाड मोडलं" हे वाक्य गावात फिरलं. तिथून गाणाऱ्यांकडं गेलं. गाणारे लोक पडसं झालेल्या माणसाशेजारी बसत नाहीत, ते कान गेलेल्या माणसाकडं तंबोरा कसा ठेवणार? कोल्हापूरच्या एका नावाजलेल्या बाईंचे दोन तंबोरे जवारीसाठी आले होते. त्यांनी माणूस पाठवून ते तसेच परत नेले. हनीफभाईंच्या दुकानावरून मी रोज जायचो. आधी कानशीचा आवाज यायचा. मग येईनासा झाला. एकदा पाहिलं, गल्लीतलाच एक कारागीर त्यांच्या पाठीमागं उभा राहून तार छेडत होता आणि विचारत होता, "सांगा, कुठला सूर?" हनीफभाई समोरचा भोपळा पुसत राहिले.

पुढं एका रविवारी चहाच्या हॉटेलात मंडळ भरलं. ताप उतरलेले तेरा जणही होते. मी उठून उभा राहिलो.

"हनीफभाईंचा कान ठीक आहे," मी म्हटलं. "मास्तर 'उतरा' म्हणाले होते. मीच मुद्दाम 'उतार' दिलं. मला वाटलं खाली चिखल असेल, हनीफभाई घसरतील, जरा गंमत. काना मी हलवला."

मग कोणीतरी टेबलावर थाप मारली.

"वा, कोरे! मानलं."

"काय मन आहे माणसाचं! मित्रासाठी स्वतःवर घेतलं."

वकिलांनी चांगला हात वर केला. "भावना उत्तम. साक्ष अग्राह्य. साक्षीदार सराईत आहे." सगळे हसले. मला त्या दिवशी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

मास्तर एकटे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोरे, खरंच?" पण तेवढ्यात भजी आली.

खरं सांगून झालं होतं. खऱ्याचा उपयोग झाला नव्हता. मग मला येत होतं ते मी केलं.

दुसऱ्या दिवशी एका खोकल्याच्या पेशंटला बाटली देताना मी इकडंतिकडं पाहिलं आणि हळू म्हटलं, "कोणाला सांगू नका. मास्तर 'उतरा' म्हणायला गेले, पण ती नवी कवळी ऐन वेळी सुटली आणि तोंडातून निघालं 'उतार'. मी होतो जवळ, मला सवयीनं 'उतरा'च वाटलं. पण हनीफभाईंनी वीस नाही, चाळीस हातांवरनं, पावसात, कवळीतनं निसटलेला काना बरोबर पकडला. कान म्हणावा तर हा!"

आधी सांगितलेल्या खऱ्याशी हे जुळत नव्हतं. कोणी जुळवून पाहिलं नाही. गोष्ट गमतीची होती आणि मास्तरांची कवळी सगळ्यांनी पाहिली होती. आठ दिवसांत ती सांगलीला जाऊन आली. परत आली तेव्हा कवळी ओढ्यात पडली होती आणि मास्तरांनी बुडी मारून ती काढली होती. हे मी घातलेलं नव्हतं.

हनीफभाईंच्या दुकानात कानस वाजायला लागली. कोल्हापूरच्या बाई स्वतः आल्या. "दातसुद्धा ऐकू येतात म्हणे तुम्हाला," असं त्या म्हणाल्याचं मला कळलं. मी खुशीत होतो.

शाळेत मास्तर 'उजवीकडं वळ' म्हणाले की पोरं डावीकडं वळत. "सर, कवळीतनं तसंच आलं!" मैदानाच्या कुंपणाबाहेरून कोणीतरी "उताऽऽर!" ओरडून पळून जाई. मास्तरांनी दोनतीनदा छडी उगारली. मग तेही सोडलं. पुढच्या रविवारी शिट्टी कोणाच्यातरी हाती मंडळाकडं पाठवून दिली. चिठ्ठी नव्हती.

त्यानंतर हनीफभाईंनी मला निरोप धाडला.

मी गेलो तेव्हा ते घोडी घासत होते. "बसा," म्हणाले. मी बसलो. त्यांनी तार छेडली, डोळे मिटून ऐकली, पुन्हा दोन घासे दिले.

"मास्तर काल इथनं गेले," ते म्हणाले. "सायकल हातात धरून. चालत."

"पंक्चर असेल."

"हवा होती. दोन्ही चाकांत. मी ऐकलं ना." त्यांनी कानस उलटी केली. "कवळीनं 'त'चा 'थ' होतो, कोरे. 'स'ची शिट्टी होते. काना जागचा हलत नाही. काना माणूस हलवतो."

मी समोरच्या भोपळ्यांकडं पाहत राहिलो. छताला पंधरावीस टांगलेले होते.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तिथंच की. वळणावर. मास्तरांचं 'उतरा' मला वरनंच ऐकू आलं. मग तुमचं 'उतार' आलं."

"दोन्ही ऐकलं?"

"माझा धंदा काय आहे?"

"मग उतरला का नाहीत?"

कानस थांबली.

"पुढच्यानं दिलेलं मागं द्यायचं. परस्पर कानावर आलेलं चालत नाही. तुम्हीच म्हणून दाखवलं होतं घाटावर." त्यांनी घोडीवरची भुकटी फुंकली. "आणि म्हटलं, कोरे खाली बघतायत, त्यांना डोळ्यानं दिसतंय. मला आपलं नुसतं ऐकू येतंय. कानाचं सोडलं, तुमचं धरलं."

"दवाखान्यात का बोलला नाहीत?"

"बघत होतो की तुमच्याकडं. तुम्ही पट्टी गुंडाळत होता. म्हटलं, गुंडाळून झाली की बोलतील."

बाहेर पाऊस सुरू झाला होता. त्यांनी घोडी तंबोऱ्यावर बसवली, जवारी खुलायला तारांखाली दोरा सरकवला आणि तार छेडली. सगळं दुकान गुणगुणायला लागलं, छताचे भोपळेसुद्धा. ते संपेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.

"आता जा," ते म्हणाले. "मास्तर घरी आहेत. गोष्ट सांगू नका. नुसतं सांगा."

मास्तरांचं घर ब्राह्मणपुरीच्या मागं, रस्त्यापासून पाच पायऱ्या वर. ते ओसरीत आरामखुर्चीत होते. पाठ पहिल्यांदा मी कशाला तरी टेकलेली पाहिली. कवळी बाजूला पाण्याच्या पेल्यात होती. मला पाहून त्यांनी घाईनं पेल्यावर वर्तमानपत्र ठेवलं.

"या, कोरे."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. मरळ नाही, भोपळा नाही, एकही जादा शब्द नाही. तुम्ही 'उतरा' म्हणालात. मी 'उतार' दिलं. कवळीची हकिकत मी रचली, दवाखान्यातून मीच पसरवली. सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. इतकी छोटी गोष्ट मी आयुष्यात सांगितली नव्हती.

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मग हसले. दातांशिवाय त्यांचं हसू अगदीच वेगळं होतं, लहान मुलासारखं.

"हनीफसाठी पण असेच उभे राहिला होतात तुम्ही."

"ते खरं होतं, मास्तर. आणि हेही."

"गुणी आहात." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पण कोरे, माझ्यासाठी नका खोटं बोलू. मी खूप आठवून बघितलं. समोर पाणी होतं, घाबरलो होतो, दात नवीन. मी 'उतार' म्हणालो असेन. आता तर मला तसंच ऐकू येतं. रात्रंदिवस. माझ्याच आवाजात."

"मास्तर, तुम्ही 'उतरा'च म्हणालात!"

"बरं," ते म्हणाले. अडून बसलेल्या पोराला म्हणतात तसं. "बरं."

आणखी सांगायला माझ्याजवळ काही नव्हतं. मी निघालो. मास्तर खांबाला धरून दारापर्यंत आले. पाऊस जोरात होता, पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"कोरे, निसरडं आहे. जपून उत—"

ते थांबले. तोंडावर हात ठेवला. माझ्याकडं पाहिलं, पायऱ्यांकडं पाहिलं, आणि मग काही न बोलता तळहात पालथा करून हळूहळू खाली नेऊन दाखवला. ड्रिलला 'बसा' म्हणून खूण करत, तसा.

मी उतरलो.